तांबड्या लिनेटचं पासिंग

"मग ती नापास का झाली?"

भरतेश मगदूम दारातच उभा राहून विचारत होता. आत आला नव्हता.

दस्तगीर वस्ताद बुटक्या स्टुलावर बसून एका कार्ब्युरेटरची तोटी फुंकत होते. त्यांनी ती उजेडाला धरली. परत फुंकली.

"वस्ताद, मी विचारतोय."

"ऐकलं की." त्यांनी तोटी फडक्यावर ठेवली. "सहा वर्षांनी आलास. चहा घेणार, का आधी भांडणार?"

भरतेश आत आला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारांचं गॅरेज पंचावन्न वर्षांचं. वस्ताद शहात्तरचे. गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून रोग सांगतात अशी त्यांची ख्याती. भरतेश कॉलेजात इंजिनीअरिंग शिकत असताना चार वर्षं त्यांच्या हाताखाली होता. पुढं पुण्याला गेला. गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एका कंपनीत नऊ वर्षं काढली. परत आला तो हायवेला स्वतःचं वर्कशॉप घालायलाच. पांढऱ्या फरशीचं. आत शिरताना चपला काढाव्यात असं वाटावं, इतकं स्वच्छ.

वर्कशॉपचं आमंत्रण द्यायला आला तेव्हा तो वस्तादांना म्हणाला होता, "आता कानानं गाडी दुरुस्त करायचे दिवस गेले."

वस्ताद म्हणाले होते, "बरं झालं. मला ऐकू कमीच येतंय."

त्यानंतर आज.

"कुठली गाडी?" वस्तादांनी विचारलं.

"लिनेट."

वस्तादांचा हात थांबला.

"डॉक्टरीणबाईंची?"

"हो."

लिनेट म्हणजे दोन सीटांची, बुटकी, तांबडी इंग्रजी स्पोर्ट्‌स कार. बनवणारी छोटी कंपनी कधीच मिटली. आपल्या देशात अशा दोनच उरल्यात, असं भरतेशचं म्हणणं. एक कुठल्याशा संग्रहात काचेमागं आहे. दुसरी डॉक्टर सुमती इंगवल्यांची. बाईंनी आजऱ्याला दवाखाना काढला त्या काळी, मायदेशी परत निघालेल्या एका इंग्रज इंजिनीअरकडून त्यांनी ती घेतली. बाळंतपणं, सर्पदंश, तापाच्या साथी... डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर त्या या गाडीतून जायच्या. लोक गाडीला 'बाईंची तांबडी' म्हणायचे. वीस वर्षं तिची देखभाल वस्तादांनी केली. मग बाईंचं गुडघ्यांचं दुखणं सुरू झालं आणि गाडी शेडमध्ये गेली.

बाई आता चौऱ्याऐंशीच्या. पुढच्या महिन्यात कायमच्या भाचीकडं नाशिकला जाणार होत्या. त्यांनी भरतेशला बोलावून सांगितलं होतं, "मला एकदा हिच्यातून एका ठिकाणी जायचंय. तेवढी चालती कर. मग गाडी तुझी."

चौदा महिने भरतेश त्या गाडीवर होता.

"हा कागद बघा." त्यानं खिशातून तपासणीचा कागद काढला. "दिवे बरोबर. हॉर्न बरोबर. धूर बरोबर. स्टिअरिंग बरोबर. आणि खाली दोन फुल्या."

"कशाच्या?"

"हँडब्रेक धरत नाही. आणि पायाचा ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढते."

"ओढते?"

भरतेशनं कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "तिथं ओढली."

"आणि तुझ्याकडं?"

त्यानं बगलेतली फाइल पुढं केली. जाडजूड. खुणेसाठी रंगीत चिकटपट्ट्या लावलेली. "एकशे चाळीस पानं आहेत. प्रत्येक नटाचं माप आहे. ब्रेक जोडले त्या दिवशीचे आकडे बघा. चारही चाकांना सारखी पकड. आरटीओत तपासायला एक नवीन मॅडम आहेत, ऐनापुरे म्हणून. त्यांनी असली गाडी जन्मात पाहिली नसेल. चढावर उभी केली, हँडब्रेक ओढला, पाय काढला... गाडी मागं आली. तर म्हणतात काय, गाडी सुंदर आहे हो, पण उभी राहत नाही."

वस्ताद हसले. त्यांनी फाइल हातात घेतली. वजन केल्यासारखी वरखाली केली.

"ही किती चालली?"

"फाइल?"

"गाडी रे."

"चालली म्हणजे... पासिंगला ट्रेलरवरून नेली. इथं पण ट्रेलरवरूनच आणलीय."

"चाकांवर किती चालली?"

"सहा किलोमीटर." मग हळूच, "आवारात."

"चौदा महिन्यांत?"

"वस्ताद, अशा दोनच आहेत. बाहेर काढायची, आणि कुणी घासलं म्हणजे?"

वस्ताद गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"चल, बघू तरी तिला."

गॅरेजसमोरचा बोळ उताराचा आहे. लिनेट ट्रेलरवरून उतरवली. उन्हात तिचा तांबडा रंग असा होता की समोरच्या लेथवाल्यानं मशीन बंद केलं आणि तो बाहेर येऊन उभा राहिला.

वस्ताद गाडीभोवती एक फेरी मारून आले. दाराच्या कडेवरून हात फिरवला. जुन्या ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"चांगलं काम केलंयस," ते म्हणाले.

भरतेशला हे ऐकायचंच होतं. त्यानं गाडी उताराला उभी केली, उतरला, सीटमागून लाकडाची एक पाचर काढली आणि पुढच्या चाकाखाली सरकवली.

वस्ताद बघत होते.

"हे काय?"

"पाचर."

"ते दिसतंय. कशाला?"

"सवय आहे. वर्कशॉपमध्ये पण लावतो. गाडी चुकून घरंगळली तर..."

"हँडब्रेक असताना?"

"खबरदारी म्हणून."

"बरं." वस्तादांनी पाचर पायानं चाचपली. "हँडब्रेक जोडलास कधी?"

"दिवाळीच्या आधी."

"त्यानंतर ओढलास कधी?"

भरतेश आठवू लागला.

लेथवाला सुद्धा त्याच्याकडं बघत होता.

"...पासिंगच्या दिवशी," तो म्हणाला. "मॅडमनी ओढला."

वस्ताद आत गेले, जॅक आणि पाना घेऊन आले, आणि जुन्या दिवसांसारखा पाना त्यांनी भरतेशच्या हातात दिला.

चाकं उतरवली. मागच्या दोन्ही चाकांच्या आतला, हँडब्रेकच्या केबलनं हलायचा तो खटका जागच्या जागी अडकून बसला होता. दमट हवेनं गंज चढला होता, बारीक, पिठासारखा. पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेकही तसाच आखडलेला. डावा मोकळा होता, म्हणून गाडी डावीकडं ओढत होती. सगळं नवं. सगळं मापात. आणि सगळं न हलून न हलून बसून गेलेलं.

भरतेशनं तो खटका बोटानं दाबून बघितला. हलला नाही.

"त्या मॅडमना पेढे देऊन ये," वस्ताद म्हणाले.

"नापास केली म्हणून?"

"तुझ्या आधी त्यांनी ब्रेक ओढला म्हणून."

दुपारपर्यंत दोघांनी मिळून चारही चाकं साफ केली. वस्ताद बोलले ते ब्रेकबद्दलच. "चालायचं काम चुकलं तर गाडी माफ करते. थांबायचं काम चुकलं तर नाही. इथं मला सुद्धा विश्वासावर सोडू नको. परत बघ." भरतेशनं परत बघितलं. मग पुन्हा एकदा, न सांगता.

काम झाल्यावर वस्ताद म्हणाले, "लाव उताराला."

त्यानं लावली. हँडब्रेक ओढला. हात आपोआप सीटमागं गेला.

पाचर तिथं नव्हती. ती वस्तादांच्या हातात होती.

"ही राहू दे माझ्याकडं. दार धरायला बरी आहे. ये, चहा आलाय."

चहासाठी दोन स्टुलं मांडलेली. एका स्टुलावर बसलं की गाडी समोर दिसे. त्यावर वस्ताद बसले. दुसऱ्यावर बसलं की पाठ गाडीकडं. त्यावर त्यांनी भरतेशला बसवलं.

भरतेशनं चहाचा घोट घेतला. मागं वळून बघितलं.

वस्ताद त्याच्या आईच्या तब्येतीची चौकशी करत होते. तो उत्तर देत होता. पुन्हा वळला.

वस्तादांनी पावाचा तुकडा चहात बुडवला. सावकाश खाल्ला.

"भरत्या."

"हं?"

"सात वेळा मान वळवलीस. गाडी एकदाही हलली नाही."

भरतेशच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग तो हसायला लागला. सहा वर्षांत त्या गॅरेजात तो पहिल्यांदा हसला.

चहा मात्र त्याचा तोवर गार झाला होता.

शुक्रवारी गाडी पुन्हा पासिंगला गेली.

ऐनापुरे मॅडमनी तोच चढ घेतला, तोच ब्रेक ओढला. पाय काढला. गाडी उभी. त्यांनी दहा आकडे मोजले, मग आणखी दहा. मैदानात वेग घेऊन ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. त्यांनी कागदावर सही केली.

भरतेशनं पेढ्यांचा पुडा पुढं केला.

मॅडमचा चेहरा बदलला. "हे इथं चालत नाही."

"पास केल्याबद्दल नाही मॅडम. गेल्या वेळी नापास केलीत ना... त्याबद्दल."

त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. हा माणूस टोमणा मारतोय का, ते त्यांना कळेना. मग त्यांनी अर्धा पेढा मोडून घेतला आणि बाकीचा पुडा रांगेतल्या रिक्षावाल्यांकडं पाठवून दिला.

भरतेश तसाच उद्यमनगरात आला. सर्टिफिकेट त्यानं वस्तादांच्या पुढ्यात ठेवलं.

"झालं वस्ताद. रविवारी बाईंना घेऊन जातो."

वस्तादांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला. अगदी खालची बारीक अक्षरं सुद्धा.

"छान. पास झाली." त्यांनी कागद घडी करून परत दिला. "आता बाईंना सांग, दोन आठवडे थांबा."

"का?"

"आठशे किलोमीटर चालवून आण. ट्रेलर नको. मागं दुसरी गाडी नको. जिथं जाशील तिथून हिच्यातनंच परत यायचं."

"पण वस्ताद, ती पास झालीय!"

"झालीय की. एका दिवसापुरती." वस्तादांनी चष्मा काढला. "आज शुक्रवार. बाई रविवारी बसणार."

भरतेश रागानं निघाला. बाईंना फोन करताना त्याला वाटलं, त्या नाराज होतील.

बाई पलीकडून म्हणाल्या, "दस्तगीर म्हणतोय ना? मग थांबू."

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या चढाला गाडी उकळली. शाळेच्या सहलीतली साठ पोरं भोवती जमली आणि त्यांनी आळीपाळीनं पाण्याच्या बाटल्या दिल्या. पाचव्या दिवशी फॅनबेल्ट तुटला. आठव्या दिवशी गारगोटीच्या पुढं, भर दुपारी, गाडी काही न सांगता थांबली.

म्हणजे, काही न सांगता असं त्याला वाटलं.

त्यानं फोन लावला. "वस्ताद, बंद पडली."

"मग मला कशाला सांगतोस? तिच्याशी बोल."

फोन बंद.

भरतेश रस्त्याकडेला दगडावर बसला. चिडून बसला, मग नुसताच बसला. त्याची फाइल वर्कशॉपमध्ये होती. ऐकायला काहीच नव्हतं... आणि तेच त्याच्या लक्षात आलं. सीटच्या मागं, टाकीतून पेट्रोल ओढणारा छोटा विजेचा पंप असतो. तो चालताना टिकटिक करतो. ती टिकटिक थांबली होती.

त्यानं पान्याच्या बुडानं पंपाला हलकेच दोन टिचक्या दिल्या.

टिक. टिक टिक टिक.

दहाव्या दिवशी पुन्हा तेच झालं. या वेळी त्याला कळलं, टिकटिक एकदम थांबत नाही. आधी संथ होते. ऊन तापलेलं असलं, लांब चढ लागला, टाकी निम्म्याच्या खाली गेली... की संथ होते. मग साधारण दोन मिनिटं मिळतात.

तो वस्तादांकडं गेला. "हा पंप बदलतो. नवा मिळतो बाजारात."

"बदल की. मी कुठं नको म्हणतोय?" वस्ताद एक नट गोल फिरवून बघत होते. "फक्त नवा कुठं बंद पडणार, ते शिकून घे. त्याला किती दिवस लागतील?"

भरतेशनं विचार केला.

"बाई म्हणतात, ही वीस वर्षांत एकदाही बंद पडली नाही."

वस्ताद खो-खो हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "दर महिन्याला पडायची! कधी दोनदा. सुट्या भागांसाठी मी मुंबईला किती खेपा घातल्या असतील..."

"मग बाई खोटं सांगतात?"

"छे. बाई कशाला खोटं बोलतील?"

एवढं म्हणून ते पुन्हा नटाकडं वळले.

त्या रविवारी नव्हे, त्याच्या पुढच्याही नव्हे, तिसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता भरतेश आजऱ्याला बाईंच्या दारात उभा होता. गाडीच्या काट्यावर आठशे बारा किलोमीटर चढले होते. पंप जुनाच होता.

बाई पांढरी सुती साडी नेसून, डोक्याला रुमाल बांधून तयार. हातात जुनी चामड्याची बॅग. आता तिच्यात औषधं नव्हती, तरी घेतली होती. गाडीत बसताना गुडघे वाकेनात, तेव्हा भरतेश पुढं झाला.

"थांब, मला ठाऊक आहे." त्यांनी आधी पाठ टेकवली, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवले. "साडी नेसून या गाडीत बसायला मला एक महिना लागला होता शिकायला."

"कुठं जायचं बाई?"

"जांभूळखोरी. घाटाच्या अलीकडं डावीकडं रस्ता फुटतो."

वाटेत एखादं वळण आलं की बाई हात नुसता पुढं करायच्या, डावीकडं, उजवीकडं. उन्हं वर आली. चढ सुरू झाला.

भरतेशनं कान टवकारले. टिक... टिक... टिक...

"संथ झाली," तो म्हणाला.

"संथ झाली," त्याच क्षणी बाई म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू काही गर्दीत कुणी त्यांना नावानं हाक मारली होती.

त्यानं जागा बघून, जांभळीच्या सावलीत, गाडी स्वतःच उभी केली. हँडब्रेक ओढला. उतरून पंपाला दोन टिचक्या दिल्या. थोडा वेळ गार होऊ द्यायला हवी होती.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात ही कधी बंद पडली नाही."

"नाहीच पडली. बंद पडणं म्हणजे पोचता न येणं. अशी थांबायची, ते मी धरूनच निघायची. अर्धा तास हातचा ठेवायचा." त्या समोर रस्त्याकडं बघत होत्या. "मी वेळेवर पोचले नाही, असं एकदाच झालं."

भरतेशनं पाना खाली ठेवला.

"जांभूळखोरीला. एकाहत्तर साली. त्या दिवशी गाडी ठणठणीत होती. आदल्या दिवशी दस्तगीरनं सगळं बघून दिलेली. निरोप आला, आणि मी... कंपाउंडरवर चिडलेली होते. क्षुल्लक कारण होतं. त्याच्याशी भांडत बसले. म्हटलं, आज गाडी चांगली आहे, निघू सावकाश." त्यांनी रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "बाळ वाचलं. आई नाही."

वरून एक एसटी गेली. तिची धूळ बसेपर्यंत दोघं तसेच.

"ते बाळ शेवंता. आता त्रेपन्न वर्षांची आहे. तिला मी कधी सांगितलं नाही. लोक मला देव मानत आले, मी मानून घेतलं." बाईंनी मान हलवली. "नाशिकला जायच्या आधी सांगायचंय."

भरतेशला आपली एकशे चाळीस पानं आठवली, आणि कशी कुणास ठाऊक, त्यांची लाज वाटली. हा रविवार त्याला आपला वाटला होता. फोटोसाठी त्यानं मोबाइल पूर्ण चार्ज करून आणला होता.

त्यानं तो बंद करून टाकला.

शेवंताचं घर गावाच्या टोकाला. तांबडी गाडी बघून ती पिठाचे हात घेऊनच धावत आली.

"बाई! अगोबाई, हीच का ती? आजी सांगायची..." तिनं हात पदराला पुसले. "उतरा की. भाकऱ्या थापतेय."

बाई उतरल्या नाहीत. बॅग मांडीवर धरून बसून राहिल्या. शेवंता बघत होती. भरतेश दार धरून उभा होता.

मग त्यांनी दोन्ही पाय एकदम बाहेर फिरवले.

"तू इथंच थांब," त्या भरतेशला म्हणाल्या.

आत काय बोलणं झालं ते त्याला ठाऊक नाही. चूल विझवल्याचा धूर दारातून आला. बराच वेळ कुणाचाही आवाज नव्हता. मग कुणाचं तरी रडणं ऐकू आलं, आणि दोघींपैकी कुणाचं ते त्याला ओळखता आलं नाही. त्यानंतर पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला.

दीड तासानं शेवंताच बाईंना हाताला धरून बाहेर घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. तिनं बाईंना गाडीत बसवलं, साडीचा पदर दारात अडकू नये म्हणून आत सारला आणि भाकरी-पिठल्याचा डबा त्यांच्या मांडीवर, बॅगेवर ठेवला.

"नाशिकला पोचलात की फोन करायचा," ती बाईंना दमात घेऊन म्हणाली.

"करते," बाई म्हणाल्या.

नदीच्या पुलावर त्या म्हणाल्या, "सावकाश घे रे. आता घाई नाही."

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास लिनेट उद्यमनगरच्या बोळात आली. स्वतःच्या चाकांवर. भरतेशनं ती उताराला उभी केली, ब्रेक ओढला आणि मागं न बघता आत गेला.

वस्ताद गुडघ्यावर एक गिअर ठेवून त्याचे दात मोजत होते.

"बंद पडली होती," भरतेश म्हणाला.

"कुठं?"

"पडायच्या आधी मीच थांबवली."

वस्तादांनी गिअर बाजूला ठेवला. "आणि बाई?"

भरतेशनं सगळं सांगितलं. वाटेतलं, जांभळीखालचं, शेवंताचं. त्याला वाटलं होतं, वस्तादांना आश्चर्य वाटेल. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. ऐकताना त्यांनी एकदा फक्त डोळ्याला फडकं लावलं. फडक्याला ग्रीस होतं. गालावर काळा पट्टा उमटला.

"परत येताना म्हणाल्या, सावकाश घे, आता घाई नाही."

"असं म्हणाल्या?"

"हो."

"...बरं झालं."

समोरचं लेथ फिरत होतं.

"वस्ताद, एक विचारतो. चिडू नका." भरतेश खाली, फरशीवरच बसला होता. "गाडी पास झाली. आठशे किलोमीटर झाले. पंप अजून तसाच आहे, पावसाळ्यात आणखी काहीतरी निघेल. मग आता ही भरवशाची झाली म्हणायची, का नाही?"

वस्ताद उठले. साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत. गालावरचा पट्टा तसाच राहिला. खुंटीवरची टोपी घेतली. मग त्यांनी गॅरेजचं शटर खाली ओढलं आणि कुलूप लावलं. सोमवारी भर दिवसा ते शटर खाली आलेलं उद्यमनगरात कुणी पाहिलं नव्हतं. लेथवाला पुन्हा बाहेर आला.

वस्तादांनी लिनेटचं डावं दार उघडलं. वीस वर्षं ही गाडी त्यांनी चालवून बघितली होती. शेजारच्या सीटवर कधी बसले नव्हते. आधी पाठ टेकवली. पाय काही केल्या आत मावेनात. भरतेशनं पुढं होऊन एक एक करून आत घेतले. गुडघे पार हनुवटीपाशी आले.

भरतेश स्टिअरिंगवर बसला. गाडी सुरू केली. मागं टिकटिक चालू झाली.

"कुठं जायचं?"

"आंबा घाटाकडं घे."

गाडी बोळातून बाहेर पडली. हायवे लागला. वारा आत यायला लागला. भरतेशनं बाजूला बघितलं. वस्ताद सीटमध्ये खाली सरकले होते, हात पोटावर बांधले होते, आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेत होते.

"झोपताय वस्ताद?"

टोपीच्या आतून आवाज आला.

"घाट आला तरी उठवू नको."